अंधुक नव्हे, मिणमिण

आमच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. आज जाऊ, उद्या जाऊ असे करता करता वर्ष निघून गेले आणि शेवटी २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही तिला तपासणीला घेऊन गेलो. आत गेल्यावर तपासणाऱ्या मुलीने हाताची बोटे समोर धरून मोजायला सांगितली. आईला डाव्या डोळ्याने ती मोजता आली नाहीत. मग मुलीने छोटी बॅटरी पेटवून त्या डोळ्यासमोर आणली आणि विचारले,

"आजी, उजेड दिसतो का?"

"दिसतो की. मिणमिणतोय."

मुलीने कागदावर काहीतरी लिहिले आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाली, "अंधुक."

आई लगेच म्हणाली, "अंधुक नव्हं बाळा. अंधुक हे अंधाराचं नाव. मी म्हणते, दिवा हाये, पण मिणमिणतोय."

मुलगी हसली. कागदावर लिहिलेले मात्र तसेच राहिले. आम्ही कचेरीत कारकून आहोत. एकदा रकान्यात शब्द पडला की तो सहसा बदलत नाही, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. पण घरी येताना बसमध्ये आईचे ते बोलणे डोक्यातून जाईना. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने दोन शब्दांतला फरक असा नेमका सांगितला होता, की आम्ही बी.कॉम. होऊन, रोज टिपणे आणि मसुदे लिहूनही तो कधी पाहिला नव्हता.

फरक खरोखरच आहे. 'अंधुक' या शब्दात 'अंध' आहे. थोडासा उजेड असला तरी हा शब्द किती दिसत नाही, ते सांगतो. 'मिणमिण' हा शब्द थोडा का होईना, पण काय पेटलेले आहे, ते सांगतो. रात्र तीच, खोली तीच. एक शब्द अंधार मोजतो, दुसरा उजेड मोजतो.

आईला हा फरक कुठून कळला असेल, याचा विचार करताना आम्हाला आमचे जुने घर आठवले.

आमचे गाव सिन्नर तालुक्यातले. गावात वीज केव्हाच आली होती, पण गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत खांब उभा राहायला १९९१ साल उजाडले. तोवर आमच्या घरात एकच दिवा, तो म्हणजे चिमणी. ती विकतची नव्हे. खोकल्याच्या औषधाची बाटली, तिच्या पत्र्याच्या टोपणाला पाडलेले भोक आणि आईच्या जुन्या पातळाची वळलेली वात. रॉकेल रेशनवर मिळे तेवढेच. म्हणून वात वर ओढायला सक्त मनाई. वर ओढली की रॉकेल भराभरा संपे आणि भिंत काजळीने काळी होई. त्यामुळे आमच्या घरचा दिवा कधी लखलखला नाही. तो मिणमिणतच असे.

सिन्नरकडे बिड्यांचा धंदा मोठा. आई बिड्या वळीत असे. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने, एका कडेला जर्दा आणि दोऱ्याची रीळ. पाने कापायचे काम ती दिवसा उरकी आणि वळायचे काम रात्रीसाठी ठेवी. आम्ही दोघे भाऊ चिमणीजवळ पुस्तक घेऊन पालथे पडलो, की ती सूप घेऊन मागे भिंतीशी सरके आणि पायाने चिमणी आमच्याकडे ढकले. आम्ही म्हणायचो, "आई, तुला दिसत नाय ना?" ती म्हणायची, "बिडी वळायला डोळं लागत न्हाईत, बोटं लागत्यात."

हे बोलणे खोटे होते, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले. बिडीचे तोंड मोडायला आणि दोरा बांधायला डोळे लागतातच. सकाळी कारखान्याचा माणूस बिड्या तपासायचा, तेव्हा आईच्या बिड्यांतल्या काही हमखास बाद निघत. बाद बिडीची मजुरी नाही. आमच्या शिक्षणाला किती खर्च आला, असा हिशेब कोणी मागितला, तर त्यात आधी त्या बाद बिड्या धराव्या लागतील.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. ती लिहिताना जड जाते, पण लिहिली नाही तर हा लेख खोटा होईल. त्या चिमणीच्या उजेडाचे वर्तुळ जेमतेम दोन पुस्तके मावतील एवढेच होते. आमची ताई आमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. चौथीत ती आमच्यापेक्षा हुशार होती. चौथीनंतर ती आईशेजारी भिंतीकडे बसली आणि दोरा बांधू लागली. तिला उजेडातून कोणी उठवले नाही. उजेडात तिच्यासाठी जागाच केली गेली नाही, एवढेच. म्हणून आमच्या पिढीतले कोणी चिमणीचे फार कौतुक करू लागले, की आम्हाला ताई आठवते. दिवा मिणमिणता असला की घरातल्या कोणाला तरी अंधारात बसावे लागते, आणि बहुतेक वेळा तिथे मुलगी बसते.

तर हा 'मिणमिण' शब्द. रुग्णालयातून आल्यापासून तो आमच्या मनात घोळत होता आणि त्यातच ३ ऑक्टोबर २०२४ उजाडला. त्या दिवशी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांनाही तो मिळाला. आपली मराठी आणि तथागतांची वाणी जिच्यात जतन झाली ती पाली, दोघींना एकाच दिवशी मान मिळाला, याचा आनंद आमच्या वस्तीत मोठा होता. आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. अश्विन पौर्णिमेला त्याची समाप्ती होती. त्या दिवशी 'मराठी आणि पाली' या विषयावर बोलण्यास आम्हाला सांगण्यात आले.

आम्ही बोलायला उभे राहिलो आणि आईची गोष्ट सांगितली. सगळे मन लावून ऐकत होते. बायकांच्या बाजूला दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. अशा वेळी वक्त्याला चेव येतो. आम्हालाही आला. आम्ही ठासून सांगितले, "बंधूंनो आणि भगिनींनो, हा 'मिणमिण' शब्द आपल्या पालीतून आलेला आहे. पालीत 'मणि' म्हणजे रत्न. मण्याचा जो मंद प्रकाश, तो 'मिणमिण'. आपल्या आयाबहिणींनी हे धम्माचे रत्न दोन हजार वर्षे जिभेवर सांभाळले."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रम संपल्यावर चार जणांनी हात हातात घेऊन अभिनंदन केले.

घरी आल्यावर आमच्या मुलीने एकच प्रश्न विचारला. ती तेव्हा अकरावीत होती. "पप्पा, मणीचं मिणमिण कसं झालं? हे कुठे लिहिलंय?"

आम्ही म्हणालो, "अगं, अर्थ जुळतोय ना."

ती म्हणाली, "अर्थ जुळला म्हणजे पुरावा झाला का? आणि मणी तर संस्कृतमध्येही मणीच आहे. शिवाय आम्हाला व्याकरणात अनुकरणवाचक शब्द आहेत. किरकिर, कडकड, गडगड. मिणमिण त्यातलाच वाटतो."

आम्ही तिला गप्प केले. पण आमचे मन काही गप्प बसेना. खरे तर व्यासपीठावर उभे राहीपर्यंत 'मणि'चा विचारसुद्धा आमच्या डोक्यात नव्हता. तो बोलता बोलता सुचला आणि सुचला तो खरा, असे आम्ही सांगून टाकले.

आमच्या विहारात एक सेवानिवृत्त शिक्षक येतात. त्यांच्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची प्रत आहे. हा कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसलो. 'मिणमिण' सापडला. अर्थ आईने सांगितला तोच, दिव्याचे मंद मंद जळणे. पण 'मणि'चा तिथे मागमूस नव्हता. गुरुजी म्हणाले, "तुमची मुलगी बरोबर आहे. हा शब्द कुठल्या धातूपासून साधलेला नाही. लोकांनी पाहून, कानाने घडवलेला आहे."

आम्ही म्हणालो, "पण गुरुजी, दिव्याला आवाज कुठे असतो? गडगड आवाजावरून झाली, हे समजते. उजेडाचे अनुकरण कसे करणार?"

गुरुजींनी आम्हाला उजेडाचे शब्द एकामागून एक म्हणायला लावले. तलवार लखलखते. मशाल ढणढण जळते. जत्रेत दिवे झगमगतात. चांदणी लुकलुकते. चिमणी मिणमिणते. "आता तोंड कसे होते, ते बघा," ते म्हणाले. लखलख आणि ढणढण म्हणताना तोंड उघडते, श्वास जोरात बाहेर पडतो. मिणमिण म्हणताना ओठ मिटतात, आवाज नाकातून येतो आणि मधला 'इ' अगदी बारीक. लहान वस्तूला मराठी माणूस असाच बारीक स्वर लावतो. इवलासा, चिमणा, किंचित. मोठ्या जाळाला मोठे तोंड, लहान ज्योतीला मिटलेले तोंड. ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, त्याने कुठलाही ग्रंथ उघडला नव्हता. त्याने समोरची ज्योत पाहिली आणि तोंडाने तिची नक्कल केली.

मग गुरुजींनी वहीच्या एका पानावर आमच्या त्या चिमणीचे सगळे सामान मांडून दाखवले. पालीत 'दीप', प्राकृतात 'दीव', आपल्याकडे 'दिवा'. पालीत 'वट्टि', प्राकृतात 'वत्ति', आपल्याकडे 'वात'. पालीत 'अग्गि', आपल्याकडे 'आग'. पालीत 'रत्ति', आपल्याकडे 'रात'. संस्कृतात 'तैल', पण पालीत 'तेल' आणि आपल्याकडेही 'तेल', एका मात्रेचाही फरक नाही. ते म्हणाले, "मराठी ही महाराष्ट्री प्राकृताची लेक. पाली आणि महाराष्ट्री या बहिणी. म्हणजे पाली ही मराठीची मावशी. मावशीला आई म्हटल्याने मावशीचा मान वाढत नाही. मावशी म्हणूनच तिचा मान पुष्कळ आहे."

आम्ही ते पान घरी आणले. दिवा, वात, तेल, आग, रात हे सगळे शब्द खरोखरच त्या जुन्या घराण्यातले निघाले. फक्त ज्या शब्दासाठी आम्ही टाळ्या घेतल्या, तो तेवढा निघाला नाही. खरी संपत्ती पेटीत असताना आम्ही बाजारात खोटे नाणे वाजवून आलो होतो.

नाशिकच्या माणसाला तर यासाठी फार लांब जायला नको. त्रिरश्मी लेणी, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, तिथे ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेतले शिलालेख आहेत. पांडवांचा त्या लेण्यांशी काही संबंध नाही. ती भिक्खूंसाठी कोरलेली आहेत आणि कोणी दान दिले, ते तिथेच कोरून ठेवले आहे. त्यांत राजे आहेत, राण्या आहेत आणि साधी माणसेही आहेत. दशपूरचा राहणारा वुधिक नावाचा एक जण तिथे आहे, त्याच्या नावापुढे 'लेखक' असा धंदा लिहिला आहे. लेखक म्हणजे त्या काळचा लिहिणारा कारकून, आमचाच धंदेवाला. त्याच लेखात त्याने दिलेल्या दानाचे नाव आहे 'लेण'. पालीत 'लेण' म्हणजे आश्रयाची जागा, गुहा. आपण आजही 'लेणे' म्हणतो, 'लेणी' म्हणतो. शब्द दगडावर कोरलेला आहे, जाऊन हात लावता येतो. असा पुरावा जवळ असताना 'मणि'ची कल्पना लढवायची आम्हाला काय गरज होती?

गरज होती, हे कबूल केले पाहिजे. टाळ्यांची गरज होती.

चूक दुरुस्त करायची, असे ठरवले. पुढची कार्तिक पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती. त्याआधी आमच्या वस्तीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या कानावर ही गोष्ट घातली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांच्याबद्दल आमच्या मनात अतोनात आदर आहे. ऐकून ते अस्वस्थ झाले.

"कशाला उकरून काढता, भाऊ? शेकडो वर्षे आपल्याविषयी खोट्या कथा लिहिल्या गेल्या. लेण्यांना पांडवांची नावे दिली, कोणी जाहीर माफी मागितली का? तुमचा एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर काय आकाश कोसळणार आहे? लोकांना अभिमान वाटला, तो काढून घेऊ नका. आणि आज हा शब्द पालीतला नाही म्हणाल, उद्या म्हणाल अत्तदीपातला दीपसुद्धा दिवा नाही."

त्यांच्या बोलण्यातले दुःख खरे होते. आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. शिवाय शेवटचा मुद्दा त्यांनी सहज बोलून टाकला, तरी तो खरोखरच अभ्यासाचा आहे. पालीत 'दीप' या शब्दाचे दोन अर्थ होतात, एक दिवा आणि दुसरा बेट. संस्कृतातले 'दीप' आणि 'द्वीप' हे दोन्ही शब्द पालीत येऊन सारखेच झाले. महापरिनिब्बान सुत्तातल्या 'अत्तदीप' या शब्दाचा अर्थ लावताना अट्ठकथेत बुद्धघोषांनी महासागरातल्या बेटाची उपमा घेतली आहे. पुरात सापडलेल्या माणसाला बेट, तसा माणूस स्वतःच स्वतःचा आधार. आपण विहाराच्या भिंतीवर दिवा काढतो. दिवा घ्या किंवा बेट घ्या, दुसऱ्याच्या भरवशावर बसू नका, ही शिकवण दोन्हींत एकच आहे. अर्थ तपासल्याने ती शिकवण कमी झाली नाही. आमच्या मते ती थोडी जास्तच कळली.

पण हे सगळे त्यांच्यासमोर सुचले नाही. "बघतो," एवढेच म्हणून आम्ही परतलो आणि मनातून डळमळलो. वस्तीत काम करायचे आहे. लोकांचा शब्दावरचा विश्वास उडाला, तर उद्या वर्गणीला, मोर्चाला, अभ्यासिकेला कोण येणार?

त्याच आठवड्यात आईच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि तिला घरी आणले. दारातून आत येताच ती समोरच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभी राहिली. तसबीर घरात वीस वर्षांची आहे. उजवा डोळा हाताने झाकून ती पाहत राहिली आणि म्हणाली, "अगं बया! कोट एवढा निळा होता व्हय? मला वाटलं, जुना होऊन मळकट झाला." मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि निळा रंग सगळ्यांत आधी मळतो, असे डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले. तसबीर तशीच होती. डोळ्यातले भिंग मळले होते.

संध्याकाळी आम्ही आईला सारे सांगितले. मणि, टाळ्या, कोश, ज्येष्ठांचे म्हणणे. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "डॉक्टरनीला मी काय सांगितलं व्हतं?"

"मिणमिणतंय म्हणून."

"मग? झकपक दिसतंय म्हणून सांगितलं असतं, तर तिनं आपरेशन केलं असतं का? जेवढा उजेड दिसतो, तेवढाच सांगावा. जास्त सांगितला की इलाज व्हत न्हाई."

आमच्या आईने कालाम सुत्त वाचलेले नाही. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, मनाला पटते म्हणून किंवा सांगणारा आपला माणूस आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. 'सांगणारा आपला माणूस आहे' यात आमच्यासारखे वक्तेही येतात, हे आम्ही सोयीने विसरलो होतो.

आणि बाबासाहेब? परळच्या चाळीतल्या एका खोलीत पहाटे दोनला उठून काचेविना दिव्याच्या उजेडात अभ्यास करणारा मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण त्या मुलाने पुढे काय केले, तेही पाहिले पाहिजे. आयुष्याच्या अखेरच्या काळात, प्रकृती ढासळलेली असताना, ते पालीचे व्याकरण आणि कोश यांवर काम करीत होते. ते काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. एकेक शब्द, त्याचा अर्थ, त्याला इंग्रजीत काय, मराठीत काय. ज्यांच्या एका शब्दावर लाखो लोक उठून उभे राहत, ते स्वतः एकेका शब्दापाशी विद्यार्थ्यासारखे बसत होते. त्यांच्या नावाने बोलणाऱ्या आम्ही मात्र पाच मिनिटांत व्युत्पत्ती रचली.

कार्तिक पौर्णिमेला वंदना झाल्यावर आम्ही दोन मिनिटे मागून घेतली आणि उभे राहिलो. "गेल्या पौर्णिमेला आम्ही सांगितले, की मिणमिण हा शब्द पालीतल्या मणीपासून आला. ते चूक होते. आमच्या मनाने रचलेले होते. हा शब्द तुमच्या-आमच्या आया-आज्यांसारख्या माणसांनी दिव्याकडे पाहून घडवलेला आहे." मग दिवा, वात, तेल, रात, लेणे हे शब्द गुरुजींच्या वहीतून वाचून दाखवले.

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. थोडा वेळ सारे गप्प होते. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मंजी आमीच केला म्हना की शबुद!" आणि सगळा विहार हसला. ते ज्येष्ठ कार्यकर्ते हसले नाहीत. पण बाहेर पडताना त्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, "त्या कारकुनाचा लेख कोणत्या लेण्यात आहे? एकदा पोरांना घेऊन जाऊ." पुढच्या रविवारी आम्ही वीस-बावीस मुलांना घेऊन त्रिरश्मीवर गेलो. ताईही आली होती. लेण्याच्या आत गेल्यावर उजेड कमी झाला. ताईने भिंतीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि आमच्या मुलीला विचारले, "हे कोणतं अक्षर गं?" मुलीने मोबाईलचा उजेड त्या अक्षरावर धरला. पंचेचाळिशी ओलांडलेल्या ताईसाठी उजेड धरणारे कोणीतरी निघाले, हे पाहून आम्हाला दुसरीकडे तोंड करावे लागले.

वाचकहो, आपल्या घराघरांत अशा म्हाताऱ्या आहेत. त्यांच्या तोंडी जे शब्द आहेत, त्यांतले पुष्कळ पोरांच्या तोंडी उरलेले नाहीत. चिमणी गेली, बरे झाले, ती परत यायला नको. पण शब्द जायला नको. एक चाळीस पानी वही करा. आईला, आजीला विचारा आणि शब्द लिहून ठेवा. कोणत्या कामाचा, कोणत्या वेळेचा, त्या तो कसा बोलतात, तेही लिहा. मूळ सापडले तर पुराव्यानिशी लिहा. सापडले नाही तर जागा रिकामी ठेवा. रिकाम्या जागेची लाज नाही. उद्या आपल्यातलीच एखादी मुलगी शिकून येईल आणि ती जागा भरील.

आमच्या वहीतला पहिला शब्द आमच्या मुलीने लिहिला आहे. मिणमिण. अर्थ: थोडा, पण पेटलेला. सांगणार: आजी.

आईच्या उजव्या डोळ्याचे काम तेव्हा बाकी होते. तो कसा आहे, असे कोणी विचारले की ती सांगायची, "मिणमिणतोय." आणि तेवढाच सांगायची.

जय भीम!